पाच कोनांची ज्योत

मंगळवार उजाडला की सडक अर्जुनीच्या हायवेवर, बंद पडलेल्या राइस मिलसमोर ट्रॅक्टर आणि टेम्पो लागायला सुरुवात व्हायची. दहा वाजेपर्यंत मिलच्या गोदामात पाय ठेवायला जागा उरत नसे. माणसं देवरीहून यायची, आमगावहून यायची, नागझिऱ्याच्या कडेच्या टोल्यांतून, छोट्या वस्त्यांतून, पायी यायची. कुणाचा गुडघा धरलेला, कुणाला मूल नाही, कुणाला साखर, कुणाला नुसतीच भीती. गोदामाच्या खिडक्यांना काळे पडदे, समोर भिंतीएवढा टीव्ही, टीव्हीच्या डावीकडे लाल मखमल घातलेलं मेज आणि मेजावर "माताजीचा डोळा".

डोळा म्हणजे स्टँडवर बसवलेला एक कॅमेरा. त्याच्या तोंडाला लोहाराच्या भात्यासारखा घड्यांचा काळा भाता आणि भात्याच्या टोकाला लिंबाएवढं भिंग. भक्तानं आपलं बोट भिंगासमोरच्या खाचेत ठेवायचं. लगेच टीव्हीवर ते बोट खाटेएवढं दिसायचं, कातडीवरच्या रेषा धानाच्या शेतातल्या धुऱ्या-बांधांसारख्या ठळक. एवढ्यानंच अर्धी माणसं हात जोडायची. मग भूपेंद्रनाथ महाराज आरतीचं ताट उचलायचे.

"आता बघा," महाराज म्हणायचे. "आदमी झूठ बोलेल, डॉक्टर झूठ बोलेल, रिपोर्ट तर पैसे देऊन बनते. मशीन झूठ नहीं बोलती. माता खुश असेल तर तुमच्या रक्तात येऊन बसेल, सगळ्यांच्या समोर बसेल."

ताट भिंगाजवळून फिरायचं आणि पडद्यावरच्या बोटाच्या मधोमध, हळूहळू, एक गुलाबी उजेड उमलायचा. पाच कोनांचा, कडेनं धूसर, आत पांढराशुभ्र. गोदामभर घंटा वाजायच्या. पंचमुखी ज्योत आली म्हणून बाया पदर पसरायच्या.

ज्योत पहिल्याच खेपेला सहसा यायची नाही. न आली, की महाराज बोट हुंगायचे आणि दुःखानं मान हलवायचे. गोळ्या खाता ना? माता जहरावर बसत नाही. गोळ्या सोडा, एकवीस दिवस सकाळी तांब्याभर पाणी प्या, मग या. एकवीस दिवसांनी माणूस यायचा आणि ज्योत यायची. न चुकता यायची. त्या फोटोची मोठी फ्रेम करून घरी लावली, की रोग दाराबाहेर राहतो, असं महाराज सांगत.

या फ्रेमा करून द्यायला इंद्रकुमार रहांगडाले यांना बोलावणं आलं, तेव्हा मार्गशीर्ष सुरू होता. बसस्टँडजवळ त्यांचा वडिलांपासूनचा फोटो स्टुडिओ. हाताहातात मोबाईल आल्यापासून तिथं पासपोर्ट फोटोखेरीज गिऱ्हाईक नव्हतं. इंद्रकुमार माप घ्यायला गोदामात गेले, मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले आणि ज्योत उमलली, तशी त्यांची नजर सरळ तिच्या खालच्या उजव्या कोनावर गेली. पाचांपैकी तेवढा एक कोन बोथट होता.

तो कोन त्यांनीच बोथट केला होता.

भिंग त्यांच्या वडिलांच्या डार्करूममधलं होतं. जुन्या काळी निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो छापायचं एन्लार्जर नावाचं यंत्र असायचं, त्याचं हे भिंग. त्याच्या आत पाच पातळ पाती असतात. बाहेरची कडी फिरवली, की ती पाती जवळ येतात आणि मधलं पाचकोनी भोक लहान-मोठं होतं. एकदा साफ करताना इंद्रकुमारांच्या हातून एक पातं किंचित वाकलं होतं. डार्करूम बंद झाल्यावर अशी दोन भिंगं त्यांच्याकडे पडून होती. एक त्यांनी भाता लावून कॅमेऱ्याला जोडलं आणि रविवारी रानात जाऊन किड्यांचे फोटो काढायचा नाद लावून घेतला. वाकल्या पात्याचं दुसरं भिंग चार वर्षांपूर्वी लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एका पोराला विकलं. अंगठी आणि मेंदी जवळून दाखवायला हवं होतं त्याला. त्या पोराचं नाव भूपेंद्र. दाढी आणि "नाथ" नंतर आले.

विकताना इंद्रकुमारांनी त्याला नीट समजावलं होतं. हे भिंग अंधाऱ्या खोलीत काम करायला बनलेलं आहे. तिथं बाजूनं उजेड येतच नाही, म्हणून बनवणाऱ्यानं त्याला आडोसा दिलेला नाही; समोरची काच अगदी कडेला आली आहे. वर अंधारात आकडे वाचता यावेत म्हणून गळ्याशी एक छोटी पारदर्शक खिडकी ठेवली आहे. कॅमेऱ्याला लावलं, की बाजूचा उजेड काचेवर आपटतो, खिडकीतूनही आत शिरतो, आतल्या आत उड्या मारतो आणि फोटोच्या मधोमध त्या भोकाच्या आकाराचा उजेडाचा डाग पडतो. म्हणून याला हूड लागतं, तोंडाशी काळी टोपी. बाजारात या मापाचं हूड मिळत नाही, घरी करावं लागतं.

स्वतःसाठी ते करताना इंद्रकुमारांचे दोन महिने गेले होते. आधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, तो ढिला पडून किड्यावर पडायचा. मग औषधाच्या बाटलीचं झाकण, ते चमकायचं आणि डाग उलट वाढायचा. लांब नळी लावली, तर किडा दोन बोटांवर असल्यामुळे नळीचीच सावली त्याच्यावर. शेवटी फिल्मच्या रोलची काळी प्लॅस्टिकची डबी जमली. तिचा तळ कापला, तोंड तिरकं तासून एका बोटाच्या रुंदीएवढंच लांब ठेवलं, आत दागिन्यांच्या पेटीतली काळी मखमल चिकटवली. मागची कड गरम करून ताणली, म्हणजे ती भिंगावर घट्ट बसेल आणि गळ्याशी असलेली खिडकीही झाकेल. डाग गेला. मुंग्यांच्या पायांवरचे केस मोजता येऊ लागले.

हे सगळं त्यांनी भूपेंद्रला सांगितलं होतं, एक डबी कापून द्यायचीही तयारी दाखवली होती. भूपेंद्र नको म्हणाला होता. डाग छान दिसतो म्हणाला होता.

त्या मंगळवारी दरबार उठल्यावर महाराजांनी इंद्रकुमारांना मागच्या खोलीत नेलं, चहा पाजला आणि सगळ्या फ्रेमांचं काम त्यांना दिलं. निघताना खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "उस्ताद, डब्बी घरीच ठेवा."

इंद्रकुमारांनी डबी घरीच ठेवली. स्टुडिओत पुन्हा माणसं येऊ लागली होती, बायकोच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. स्वतःला ते सांगत, की कुणाचं काय बिघडतं; बिचाऱ्यांना तेवढाच धीर. गोळ्यांचं ते वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही. त्यावर त्यांनी विचार केला नाही, इतकंच.

टोलीवरचा धनसिंग मडावी त्यांचा रविवारचा सोबती. तो वनविभागाच्या कामावर जायचा, कुठल्या झाडावर काय चढलंय हे त्याला ठाऊक असायचं. त्याची मुलगी चंचल बारावीला सायन्स घेऊन शिकत होती. तिला किड्यांचं वेड बापाकडून लागलं आणि भिंगाचं इंद्रकुमारांकडून. पुस्तकातला प्रकाशाचा धडा ती त्या भिंगावर तपासून बघायची. डबी काढून फोटो घे, डबी लावून घे, दिवा डावीकडून धर, उजवीकडून धर. एका दुपारी तिनं वहीत आकृती काढून इंद्रकुमारांना दाखवलं, की डाग नेमका कुठं पडणार हे आधीच सांगता येतं. त्यांना स्वतःला ते येत नव्हतं. त्यांनी फक्त डबी केली होती; का चालते, हे तिनं सांगितलं.

चंचलला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, डबलचा, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला. लहानपणी थंडीत हातपाय धरून रडायची. सरकारी दवाखान्यातून रोजच्या गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षं ती शाळा न बुडवता जात होती. पण गोळ्या रोज घ्यायच्या, आयुष्यभर घ्यायच्या, हे तिच्या आईला, मंगलीला खुपायचं. ज्या गोळीनं रोग जातच नाही, ती गोळी कसली? शेजारणीनं मिलच्या गोदामाचं सांगितलं आणि मंगली लेकीला घेऊन दरबारात गेली. पहिल्या खेपेला ज्योत आली नाही. महाराजांनी बोट हुंगलं. घरी जाऊन मंगलीनं गोळ्यांचं पाकीट चुलीत टाकलं.

संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. इंद्रकुमार स्टुडिओत फ्रेमांना काचा बसवत होते, तेव्हा चंचलचा फोन आला. आवाज दमलेला होता. काल दुसरी खेप झाली, ज्योत आली, असं तिनं सांगितलं. पहिल्या वेळी ताट कॅमेऱ्याच्या मागच्या अंगानं फिरवलं होतं, काल भिंगाच्या डाव्या अंगानं, त्याच्या गळ्याशी असलेल्या खिडकीजवळून. ताटात कापराच्या आड बॅटरीचा दिवा आहे, तो तिला दिसला. तिनं तिथंच उभं राहून सांगितलं, की ही माता नाही, या भिंगाला हूड नाही. महाराज हसले आणि म्हणाले, बघा, ज्योत आत गेली तशी आतली बाधा बोलायला लागली. तिच्या आईनं सगळ्यांसमोर तिच्या तोंडात मारली.

"काकाजी, तुमी एकदा या," चंचल म्हणाली. "डब्बी लावून दाखवा. माह्यावर कोणी विश्वास नाई ठेवत. माहे पाय दुखून राहिले."

इंद्रकुमारांनी विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत. बावीस दिवस, ती म्हणाली. ते म्हणाले, येतो. लगोलग दोन लग्नांचं काम आहे, ते झालं की नक्की येतो, तोवर आईला समजाव. तिनं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेल्या फ्रेमांना काचा बसवल्या.

पहिलं लग्न झालं. दुसरं झालं. मग तिसरं आलं; रविवारीही रानात जाणं झालं नाही. मधल्या एका मंगळवारी ते गोदामात फ्रेमा पोचवायला गेलेही. तिथं बोलायचं धाडस झालं नाही. महाराजांनी सगळ्यांसमोर त्यांना शाल दिली. ती घेऊन ते परत आले.

फेब्रुवारी संपता संपता एका दुपारी धनसिंग स्टुडिओच्या पायऱ्या चढला. त्याच्या पाठीवर चंचल होती. मागून मंगली. धनसिंग म्हणाला, पासपोर्ट फोटो पाहिजे, अपंगाच्या सर्टिफिकेटच्या अर्जाला लावायला.

इंद्रकुमारांना आधी काही कळलंच नाही. मग धनसिंगनं तिला स्टुलावर बसवलं आणि ती उजवीकडे कलली. चेहऱ्याची उजवी बाजू मेण वितळावं तशी खाली उतरली होती. उजवा हात मांडीवर परक्याच्या वस्तूसारखा पडला होता. धनसिंग सांगत होता, की चंचलनं फोन केला होता त्याच्या नवव्या दिवशी पहाटे ती उठली ती अशीच. गोंदियाला नेलं. डॉक्टर म्हणाले, या रोगात रक्त गोठून मेंदूकडे जायची वाट अडते, गोळ्या बंद करायला नको होत्या. चालणं थोडंफार येईल. बोलणं येईल की नाही, सांगता येत नाही.

हे सांगताना त्याचा आवाज सपाट होता. मंगलीचा नव्हता. ती म्हणत होती, की ज्योत आली म्हणून पोरगी वाचली, नाहीतर त्याच रात्री गेली असती. महाराजांनी तसं सांगितलं होतं. पुढच्या मंगळवारी चंचलला दरबारात मानाच्या खुर्चीवर बसवणार होते, जिता चमत्कार म्हणून. तिच्या ज्योतीच्या फोटोची फ्रेमही तेवढी करून द्या, म्हणाली.

इंद्रकुमारांनी दिवे लावले. कॅमेरा हातात घेतला. पासपोर्ट फोटोसाठी मान सरळ हवी. धनसिंगनं मागून तिचं डोकं धरलं. इंद्रकुमार सवयीनं म्हणाले, "इकडे पाहा बेटा."

चंचलनं पाहिलं. तिचे डोळे पूर्वीसारखेच होते, त्यांना काही झालं नव्हतं. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, पापणी न हलवता, आणि त्यांना दुसरा फोटो काढावा लागला, मग तिसरा.

पुढच्या मंगळवारी होळी चार दिवसांवर होती. गोदाम नेहमीपेक्षा जास्त भरलं. व्यासपीठाच्या कडेला सजवलेल्या खुर्चीत चंचल, गळ्यात झेंडूचा हार, शेजारी जमिनीवर मंगली. धनसिंग दाराशीच उभा होता, आत येत नव्हता. गोदामाचे मालक केशोराव पुढच्या रांगेत. गुडघेदुखीपायी त्यांचा महाराजांवर मनापासून विश्वास, तेच दरबाराच्या समितीचे अध्यक्ष.

महाराजांनी चंचलकडे हात केला. ही मुलगी मेली होती, म्हणाले. यमदूत उशाशी येऊन बसला होता. पण रक्तात माता बसलेली. यमदूत अर्धंच शरीर घेऊन गेला, अर्धं मातेनं सोडवलं. लोकांनी हात जोडले. अर्धं शरीर नेणाऱ्या यमदूताचा हिशोब कुणी विचारला नाही.

मग दुसऱ्या खेपेचा पहिला भक्त आला, देवरीकडचा एक ट्रक ड्रायव्हर. बोट खाचेत गेलं. ताट फिरलं. ज्योत आली. घंटा वाजल्या.

इंद्रकुमार उठले. भिंगावर बुरशी दिसतेय, पुसून देतो, असं म्हणत मेजाजवळ गेले. याआधीही दोनदा त्यांनी भिंग पुसलं होतं, म्हणून कुणी अडवलं नाही. त्यांनी रुमालातून डबी काढली आणि भिंगावर दाबून बसवली.

"आता फिरवा ताट," ते म्हणाले.

महाराजांचा हात तोवर सवयीनं फिरलाही होता. पडद्यावर ड्रायव्हरचं बोट होतं. नखातलं ग्रीस दिसत होतं, एक जुनी चीर दिसत होती. ज्योत नव्हती. महाराजांनी पुन्हा ताट फिरवलं, जवळून फिरवलं. काही नाही. ते ड्रायव्हरवर घसरले, तू रस्त्यात मांस खाल्लंस. ड्रायव्हर म्हणाला, एकवीस दिवस अंडंही शिवलेलं नाही.

इंद्रकुमारांनी डबी काढली. ज्योत आली. डबी लावली. ज्योत गेली. असं तीनदा केलं.

महाराजांनी ताट भिंगाच्या डावीकडे मेजावर टेकवलं आणि ते म्हणाले, अपवित्र हात लागला म्हणून माता रुसली. तेव्हा केशोराव काठी टेकत उठले आणि म्हणाले, मी सकाळी अंघोळ करून, पूजा करून आलो आहे. द्या ती डब्बी माझ्याकडे. त्यांनी स्वतःच्या हातानं ती लावली, काढली, पुन्हा लावली. प्रत्येक वेळी माता तशीच गेली आणि तशीच आली. शेवटी केशोरावांनी डबी काढून इंद्रकुमारांच्या हातात ठेवली.

"भाऊ, हे काय होय?" त्यांनी विचारलं.

इंद्रकुमारांनी सांगितलं. मेजावरचं ताट उचलून कापराच्या आडचा बॅटरीचा दिवा सगळ्यांना दाखवला. हा दिवा डावीकडे धरला, की उजेड काचेवर आपटतो आणि या खिडकीतून आत जातो. कॅमेऱ्याच्या मागं धरला, की जात नाही. पहिल्या खेपेला मागं, दुसऱ्या खेपेला डावीकडे. मग ताट परत डावीकडे ठेवून त्यांनी भिंगाची कडी फिरवली. पडद्यावर पंचमुखी ज्योत आक्रसत मोहरीएवढी झाली आणि उलटी फिरवल्यावर पुरीसारखी फुगली. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग ते वाकले. व्यासपीठाच्या पायरीशी महाराजांच्या चपला होत्या. एक चप्पल उचलून त्यांनी खाचेत धरली. पडद्यावर घाणीनं माखलेला तळ भिंतभर पसरला, शिवणीत अडकलेला शेणाचा गोळा स्पष्ट दिसला आणि त्या शेणाच्या मधोमध, गुलाबी, पाच कोनांची, माता प्रकट झाली.

गोदाम हसून फुटलं. घंटा वाजवणारे हसले, पदर पसरणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. घटकाभरापूर्वी ज्यांनी त्याच उजेडाला कपाळ टेकवलं होतं, ते एकमेकांच्या पाठी थोपटत होते, जणू भुललं ते दुसरंच कुणी. ड्रायव्हरनं महाराजांच्या अंगावरची शाल ओढली. त्याच्यामागून आणखी चारजण गेले.

मार पडणार हे दिसलं, तेव्हा भूपेंद्रनाथ पुन्हा भूपेंद्र झाला. इंद्रकुमारांकडे बोट करून ओरडला, की मला काय मारता, भिंग यांनीच विकलं, डाग पडतो हेही यांनीच शिकवलं. तीन महिने माझ्या फ्रेमा करून खाल्लं. विचारा यांना, पहिल्या दिवसापासून माहीत होतं की नाही.

हसणं थांबलं.

मंगली उठली होती. सगळं चालू असताना ती हसली नव्हती, रडलीही नव्हती. पडद्याकडे बघत होती. आता ती गर्दीतून वाट काढत इंद्रकुमारांसमोर आली.

"तुमाले मालूम होतं?"

इंद्रकुमार म्हणाले, हो.

"कव्हापासून?"

"मार्गशीर्षापासून, वहिनी. पहिल्या दिवसापासून."

"माह्या पोरीनं फोन केला होता तुमाले?"

"केला होता."

मंगली आणखी एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "मी अडाणी होय. पोरगी खरं बोलली त मी तिच्या तोंडात मारली. आता थे बोलतच नाई. पण तुमच्या तोंडात कोणी मारली होती? तुमी काऊन नाई बोलले?"

इंद्रकुमारांनी हातातली चप्पल खाली ठेवली. त्यांचं उत्तर इतकं क्षुल्लक होतं, की उच्चारता येण्यासारखं नव्हतं. मंगलीनं लेकीच्या गळ्यातला हार काढला. धनसिंग आत आला, त्यानं चंचलला पाठीवर घेतलं आणि ते तिघं निघून गेले. जाताना धनसिंगनं इंद्रकुमारांकडे पाहिलं नाही. त्यानंतरही कधी पाहिलं नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. भूपेंद्र आत गेला आणि जामिनावर बाहेरही आला. साक्ष द्यायला गोदामातल्या शेकडो माणसांपैकी तिघं तयार झाली: केशोराव, तो ड्रायव्हर आणि मंगली. काहीजण चौकशी करत होते, की दुसरा असा डोळा छत्तीसगडात कुठं आहे म्हणे. चंचलच्या गोळ्या त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाल्या. भिंतीला धरून ती आता अंगणापर्यंत येते. बारावीच्या परीक्षेला ती बसली नाही. बोलणं आलेलं नाही. डाव्या हातानं लिहायचं ती गिरवते आहे.

इंद्रकुमार हल्ली रविवारी रानात जात नाहीत. भाता, भिंग आणि बॅटरीचा दिवा घेऊन गावोगावच्या शाळांत जातात. आधी ज्योत दाखवतात, मुलं थक्क होऊन बघतात. मग डबी लावतात. मग दिवा एखाद्या मुलीच्या हातात देऊन म्हणतात, आता तू ज्योत आण, तू घालव. पाच मिनिटांत प्रत्येकाला माता आणता येते. शेवटी ते चंचलची गोष्ट सांगतात, स्वतःचा भाग न गाळता. मग जे म्हणतात, ते फार साधं असतं.

कुणी चमत्कार दाखवला, तर त्याला म्हणा, दिवा इकडून तिकडे ठेव आणि पुन्हा दाखव. तुझ्या हातानं नको, माझ्या हातानं दाखव. चपलेवर दाखव. जो चिडेल, त्याच्यापासून उठून या. कुणाच्या सांगण्यावरून डॉक्टरची गोळी बंद करू नका; शंका असेल तर डॉक्टरलाच विचारा, दहा वेळा विचारा. आणि तुम्हाला युक्ती कळली असेल, तर लग्नं उरकायची वाट बघू नका. ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी बोला. मी तीन महिन्यांनी बोललो. माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. उपयोग कुणालाच झाला नाही.